गणित, संगणक आणि धंदा: तिन्ही एकाच कामात बसतात का?

प्रश्न थोडक्यात असा. खानापूर तालुक्यातली मुलगी, सेकंड पीयूसीला म्हणजे बारावीला, पीसीएमसी (फिजिक्स, केमिस्ट्री, गणित, कॉम्प्युटर सायन्स) घेतलेलं. गणित मनापासून आवडतं, पायथन स्वतःहून शिकली आहे, आणि वडिलांच्या नंदगडच्या किराणा दुकानाची खरेदी, उधारीची वही, जीएसटी हे सगळं तीच बघते. कॉलेजातले सर म्हणतात कॉम्प्युटर सायन्सला इंजिनिअरिंग घे, मामा म्हणतात सीए कर. तिला मात्र तिन्हीतलं काहीच सोडायचं नाही. तिन्ही एकत्र येतील असं करिअर असतं का, की एक धरून बाकीची दोन छंद म्हणून ठेवायची?

असतं. माझं स्वतःचं काम त्याच जातीचं आहे, म्हणून जरा लांबण लावते. संख्याशास्त्रात एम.एस्सी. केल्यावर काही वर्षं पुण्यात आणि बेंगळुरूत कंपन्यांत काढली. आता बेळगावात राहून उद्यमबागेतल्या फाउंड्र्या, मशीन शॉप आणि गावातले काही वितरक यांना उत्पादनाचं नियोजन, मालाचा साठा, खरेदी यांची गणितं मांडून देते. अशी कामं करणारे आपल्याकडे थोडे आहेत, पण आहेत.

आता तुझा प्रश्न मी जरा फिरवून घेते. तू विचारलंस ‘कोणतं करिअर’, पण आज तुला ठरवायचंय ते वेगळंच. या तिघांपैकी कॉलेजात पैसे आणि वर्षं घालून काय शिकायचं, आणि कॉलेजच्या बाहेर काय शिकता येईल, एवढंच आत्ता ठरवायचं आहे. नोकरीची नावं बदलत राहतात. कामाचं नियोजन गणितानं करायच्या ज्या शास्त्राला एके काळी ऑपरेशन्स रिसर्च म्हणायचे त्याला मधे अ‍ॅनालिटिक्स म्हणू लागले, आता डेटा सायन्स म्हणतात. नावाच्या मागे लागून कोर्स निवडलेल्यांची तारांबळ मी बघते. माझं उत्तर असं: गणित कॉलेजात शीक, संगणक रोज हाताखाली ठेव, आणि धंदा तू आत्ता जिथे बसतेस त्या गल्ल्यावर शीक. का, ते एका कामाच्या उदाहरणानं सांगते.

हायड्रॉलिक सिलिंडर बनवणारं एक मशीन शॉप घे. पाइप सहा मीटरच्या लांबीत येतात, म्हणजे ६००० मिलिमीटर. एकाच व्यासाच्या, एकाच ग्रेडच्या दोन ऑर्डरी आहेत: २१५० मिमीचे ४० तुकडे आणि १६०० मिमीचे ४० तुकडे. किती पाइप लागतील? प्रत्येक ऑर्डरचं जॉबकार्ड वेगळं, म्हणून पहिल्या कार्डाला पाइपमागे दोन तुकडे धरून २० पाइप, दुसऱ्याला पाइपमागे तीन धरून १४ पाइप. एकूण ३४. आता दोन्ही ऑर्डरी एकत्र बघ. एका पाइपमध्ये दोन लांब आणि एक आखूड असे बसतात, ५९०० मिमी होतात. असे २० पाइप कापले की ४० लांब आणि २० आखूड निघाले. उरलेल्या २० आखूड तुकड्यांना ७ पाइप. एकूण २७. आणि २६ मध्ये भागणारच नाही, हे सिद्ध करायला संगणक लागत नाही. कसाही काप, एका पाइपमधून तीनपेक्षा जास्त तुकडे निघत नाहीत, कारण चार आखूड म्हणजे ६४०० मिमी. तुकडे हवेत ८०. २६ पाइपांतून जास्तीत जास्त ७८ निघतील. संपलं.

इथपर्यंत कॉलेजातलं गणित. नवशिका पोरगा इथेच थांबतो, एक छान स्लाइड बनवतो आणि मालकाला सांगतो, ‘सात पाइप वाचले, इतके हजार वाचले.’ मालक हसतो. का हसतो ते कळायला शॉपफ्लोअरवर जावं लागतं. पहिल्या ऑर्डरीचे जे वीस शेवटचे तुकडे उरतात, १७०० मिमीच्या जरा आतले, ते भंगारात जात नाहीत. कटिंगवाला ते भिंतीला उभे करून ठेवतो, आणि १६०० चं कार्ड हातात आलं की आधी तिकडे बघतो. म्हणजे त्यानंसुद्धा २७ च पाइप वापरलेले असतात, ‘ऑप्टिमायझेशन’ हा शब्द न ऐकता. ३४ हा आकडा कागदावरचाच होता. त्याच्याशी तुलना करून दाखवलेली बचत खोटी.

मग आमच्यासारख्यांचं काम काय? लांबी दोनऐवजी दहा-बारा असतात, व्यास आणि ग्रेड निरनिराळे, ऑर्डरी आठवडाभर येत राहतात. तेव्हा भिंतीला उभ्या केलेल्या तुकड्यांचा हिशेब माणसाच्या डोक्यात मावत नाही. तुकडे साठतात, गंजतात, आणि पलीकडे परचेसवाला त्याच व्यासाचे नवे पाइप मागवतो. खरे पैसे अडकलेत ते तिथे. तो कोपरा मोजायचा, प्रत्येक तुकड्याची नोंद ठेवायची, आणि नवीन कार्ड आलं की आधी जुने तुकडे, मग नवा पाइप असं कापायचं वेळापत्रक काढायचं. या प्रश्नाला कटिंग स्टॉक प्रॉब्लेम म्हणतात. तो मोठ्या आकारात सोडवायची युक्ती गिलमोर आणि गोमोरी यांनी १९६१ मध्ये मांडली, आजही तीच शिकवतात. त्याच्याही आधी, १९३९ मध्ये, लेनिनग्राडच्या प्लायवुड ट्रस्टनं यंत्रांवर काम कसं वाटायचं हे विचारल्यावरून कांटोरोविच नावाच्या गणितज्ञानं रेषीय नियोजनाचा, म्हणजे लिनिअर प्रोग्रामिंगचा, पाया घातला. पुढे १९७५ मध्ये त्याला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. गणिताच्या माणसाला अर्थशास्त्राचं, आणि सुरुवात लाकडी तक्त्यांवरून.

एवढं करूनही एक निर्णय उरतोच: कार्डं किती दिवस थांबवून एकत्र करायची? जास्त थांबलं तर पाइप वाचतो, पण ग्राहकाला दिलेली तारीख हुकते. दोन दिवस थांबायचं की चार, हे ठरवायला ग्राहक कोण, उशीर झाला तर तो काय करतो, पुढची ऑर्डर देतो की पुण्याच्या माणसाकडे जातो, हे माहीत हवं. ते कुठल्याही पुस्तकात नाही. मालकालाच माहीत असतं, आणि तोही सरळ सांगत नाही, चहा घेताना बोलता बोलता सांगतो. आणखी एक बारीक गोष्ट. वरच्या उदाहरणात २१५० ऐवजी २२०० असते तर कागदावर बरोबर ६००० बसले असते. प्रत्यक्षात बँडसॉचं पातं दर कापाला थोडं मटेरियल खातं, आणि तिसरा तुकडा आखूड पडतो. प्रोग्राममध्ये ती पात्याची जाडी घातली नाही तर पहिल्याच दिवशी कटिंगवाला तुझा कागद घडी घालून खिशात ठेवतो आणि आपल्या मनाप्रमाणे कापतो.

या एका कामात तुझ्या तिन्ही आवडी कुठे बसल्या ते बघ. २६ मध्ये होणारच नाही हे सांगणं गणिताचं काम, म्हणजे अजून बचत शोधत बसायची गरज नाही. दहा-बारा लांबी आणि शंभर तुकडे सांभाळणं संगणकाचं. आणि कोणत्या आकड्याशी तुलना करायची, किती थांबायचं, पैसे नेमके कुठे अडकलेत, हे ओळखणं धंद्याचं. तिघांत सगळ्यात सावकाश येतं ते गणित. म्हणून कॉलेजची वर्षं त्यावर घालायची असं मी म्हणते.

गणित क्रमानं शिकावं लागतं, आणि चुकलं तर कुणीतरी वहीवर लाल रेघ मारावी लागते. लिनिअर अल्जिब्रा, संभाव्यता, संख्याशास्त्र, ऑप्टिमायझेशन, थोडं रिअल अ‍ॅनालिसिस, हे विशीत झालं की पुढे आयुष्यभर पुरतं. तिशीत नोकरी सांभाळून लिनिअर अल्जिब्रा पहिल्यापासून शिकणारी माणसं मी पाहिली आहेत, फार कष्ट पडतात. संगणकाचं तसं नाही. पायथन तुला येतंच. एसक्यूएल, डेटाबेस, डेटा स्ट्रक्चर, एवढं तू घरी बसून करू शकतेस, एनपीटीईएल या आयआयट्यांच्या ऑनलाइन वर्गांत फुकट शिकता येतं. एक्सेलला मात्र नाक मुरडू नकोस. उद्यमबागेत माझा अर्धा दिवस एक्सेलमध्येच जातो, कारण मालकाच्या मुलाला तेच उघडता येतं.

पण हे सगळं तीन गोष्टींवर अवलंबून आहे, आणि त्या तुझ्या तुलाच माहीत.

पहिली, तुला गणितात नेमकं काय आवडतं. बोर्डाला पंच्याण्णवच्या वर गुण पडतात म्हणून आवडत असेल तर ते गुणांचं प्रेम झालं, वाईट नाही, पण वेगळं. केसीईटीत, म्हणजे कर्नाटकच्या इंजिनिअरिंग प्रवेश परीक्षेत, एका विषयाला ८० मिनिटांत ६० प्रश्न असतात. तिथे वेग लागतो. कॉलेजातल्या गणितात एका प्रश्नाशी संध्याकाळभर झटायची सवय लागते. दिवाळीच्या सुट्टीत इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या (आयएसआय) जुन्या प्रवेश परीक्षांचे प्रश्न घेऊन बस. एक सुटायला अर्धा-एक तास लागला आणि तरी उठावंसं वाटलं नाही, तर तू गणिताची. सगळे सुटायलाच हवेत असं नाही.

दुसरी, घरी पहिला पगार कधी यायला हवा. हे स्पष्ट बोलावं लागतं. चार वर्षांनी नोकरी हवीच असेल तर व्हीटीयूच्या (कर्नाटकचं तंत्रशिक्षण विद्यापीठ) चांगल्या कॉलेजातलं बी.ई. सुरक्षित आहे, कारण कॅम्पस प्लेसमेंटला कंपन्या तिथे येतात, बी.एस्सी.च्या दारात त्या मानानं फार कमी. तसं असेल तर सरांचं ऐक, बिनधास्त बी.ई. घे. फक्त तिथे गणिताचे जे ऐच्छिक विषय मिळतील ते सगळे घे. नंतर एम.टेक.ची गेट परीक्षा देऊन आयआयटी मुंबईच्या इंडस्ट्रियल इंजिनिअरिंग अँड ऑपरेशन्स रिसर्च विभागात किंवा संस्थेची स्वतःची प्रवेश परीक्षा देऊन आयएसआय कोलकात्याच्या क्वालिटी, रिलायबिलिटी अँड ऑपरेशन्स रिसर्चच्या एम.टेक.ला जायचा रस्ता उघडा राहतो.

तिसरी, घर सोडून लांब राहायची तयारी. तुझी आणि घरच्यांची, दोन्ही. आयएसआयचं बी.स्टॅट. कोलकात्याला, बी.मॅथ. बेंगळुरूला. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटमध्ये (सीएमआय) गणित आणि संगणक यांची एकत्र बी.एस्सी. ऑनर्स आहे, तुझ्यासारखीला तीच सगळ्यात जवळची वाटते मला. काही आयआयटीत मॅथेमॅटिक्स अँड कॉम्प्युटिंग नावाची बी.टेक. शाखाही आहे, ती जेईई अ‍ॅडव्हान्स्डवर. लांब जायचं नसेल तर बेळगावात आर.एल.एस., जी.एस.एस. अशा जुन्या कॉलेजांत बी.एस्सी.ला गणिताबरोबर संख्याशास्त्र आणि संगणक असे गट मिळतात का ते प्रत्यक्ष जाऊन विचार, कारण गट दर काही वर्षांनी बदलतात. पुढे एम.एस्सी. संख्याशास्त्राला धारवाडचं कर्नाटक विद्यापीठ आहे, कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ आहे. दोन्हीकडे आपल्या भागातली मुलं पूर्वापार जातात.

इथल्या कॉलेजात राहून संगणकाची बाजू भक्कम करायची असेल तर आयआयटी मद्रासची डेटा सायन्सची ऑनलाइन बी.एस. पदवी बघ. २०२० मध्ये सुरू झाली. जेईई लागत नाही, त्यांचे चार आठवड्यांचे विषय करून पात्रता परीक्षा द्यायची असते. परीक्षा केंद्रावर जाऊन द्याव्या लागतात, त्यामुळे कुणी दुसऱ्यानं देऊन भागत नाही. अभ्यासही हलका नाही. एकाच वेळी दोन पदव्या ओढताना पहिल्या वर्षी दमछाक होते, म्हणून तिथे सुरुवातीला थोडेच विषय घ्यावेत.

महाराष्ट्रात जायचा विचार असेल तर सीमाभागाची तरतूद माहीत करून घे. महाराष्ट्रानं ज्या ८६५ गावांवर दावा सांगितला आहे तिथल्या, मराठी मातृभाषा असलेल्या विद्यार्थ्यांसाठी तिथल्या इंजिनिअरिंग प्रवेशात वेगळा प्रकार ठेवलेला आहे. रहिवासाचा आणि मातृभाषेचा दाखला लागतो. गावाचं नाव यादीत कसं लिहिलंय ते बघ आणि त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाच. कुणाच्या तरी दादानं तीन वर्षांपूर्वी काय केलं यावर विसंबू नकोस. दाखले आत्तापासून काढायला घे, जूनमध्ये तहसीलदार कचेरीत उभं राहायला जागा नसते.

आता नोकऱ्यांची नावं, कारण घरी सांगायला नाव लागतंच.

तुझ्या तिन्ही आवडींना सगळ्यात नेमकं बसणारं औपचारिक करिअर म्हणजे अ‍ॅक्चुअरी. विमा आणि पेन्शन यांच्या जोखमीची गणितं करणारी माणसं. इन्स्टिट्यूट ऑफ अ‍ॅक्चुअरीज ऑफ इंडिया ही २००६ च्या कायद्यानं चालणारी संस्था परीक्षा घेते, सुरुवात एसीईटी या प्रवेश परीक्षेनं, बारावीनंतर देता येते. पेपरांची रचना पाहिलीस तर तुझा प्रश्नच छापल्यासारखा वाटेल: सीएस मालिकेत संख्याशास्त्र, आणि त्यातला एक भाग संगणकावर आर भाषेत सोडवायचा, सीएम मालिकेत विम्याचं आणि वित्ताचं गणित, त्यातला एक भाग एक्सेलमध्ये, सीबी मालिकेत व्यवसाय, वित्त, अर्थशास्त्र. पदवी करता करता पेपर देता येतात. अडचण अशी की सगळे पेपर व्हायला बरीच वर्षं लागतात, मधेच सोडणारे पुष्कळ, आणि नोकऱ्या मुख्यतः मुंबई, गुरुग्राम, बेंगळुरूत. बेळगावात राहून अ‍ॅक्चुअरी होणं अवघड.

सप्लाय चेन आणि ऑपरेशन्सचं अ‍ॅनालिटिक्स, म्हणजे मी करते तसं, याला ठरलेली परीक्षा नाही. कारखाने, ई-कॉमर्स, मालवाहतूक, बँका सगळीकडे लागतं. डेटा सायंटिस्ट म्हणून ज्या जाहिराती येतात त्यातल्या बऱ्याच कामांत गणित थोडं आणि डेटा साफ करणं जास्त. हे आधीच कळलेलं बरं, नाहीतर पहिल्या वर्षी भ्रमनिरास होतो. शेअर बाजारात गणिती सूत्रांवर खरेदी-विक्री करणाऱ्या क्वांट कंपन्यांचा पगार ऐकून मुलं वेडी होतात. जागा मोजक्या, स्पर्धा आयआयटी आणि आयएसआयवाल्यांशी. जमलं तर जा, पण त्यावर आयुष्याचा बेत आखू नकोस.

फाउंड्रीत गुणवत्तेचं काम हा एक दुर्लक्षित कोपरा आहे. कास्टिंगमध्ये ब्लोहोल म्हणजे हवेची पोकळी निघाली, रिजेक्शन वाढलं, की सगळे एकमेकांकडे बोट दाखवतात, वाळूवाला भट्टीवाल्याकडे, भट्टीवाला कोअरवाल्याकडे. हीट नंबर (भट्टीच्या घाण्याचा नंबर), वाळूतली ओल, ओतण्याचं तापमान, पाळी यांची नोंद धड असेल तर कंट्रोल चार्टवरून निम्मं भांडण मिटतं. शूहार्ट या अमेरिकन संशोधकानं १९२४ मध्ये काढलेली साधी रेघांची पद्धत आहे ती: मोजमाप ठरलेल्या रेघांच्या बाहेर गेलं की काहीतरी बिघडलंय. आपल्याकडे पावसाळा चार महिन्यांचा, वाळू ओली, त्यामुळे या कामाला तोटा नाही. कारखान्यात मुलगी आली की पहिल्या भेटीत ‘मॅडम, तुम्ही ऑफिसात बसा, डेटा पाठवून देतो’ असं ऐकावं लागतं. मी ऑफिसात बसत नाही. पाठवलेला डेटा आणि भिंतीवरच्या फळ्यावर खडूनं लिहिलेला डेटा यांत नेहमी फरक असतो.

फळ्यावरचं वाचायला भाषा लागते. मोल्डिंगवाला कन्नडमध्ये बोलतो, सुपरवायझर मराठीत, भट्टीवर उत्तरेकडचे असतील तर हिंदी, आणि ग्राहकाचा मेल इंग्रजीत. बाहेरून आलेला हुशार सल्लागार इथे अडतो. तू नंदगडच्या बाजारात वाढलेली, तुला हे आपसूक येतं. कन्नड लिहिता-वाचता पक्की करून घे. बोलण्यापुरती पुरे असं समजू नकोस.

सीएबद्दल मामांना काय सांगायचं? व्यवसाय उत्तम आहे यात शंका नाही. फाउंडेशनला गणित-संख्याशास्त्राचा एक पेपर असतो, पण पुढे गाडी कायदा, कर आणि ऑडिट यांकडेच वळते. तुझं गणित तिथे उपाशी राहील. मामांच्या म्हणण्यातलं एक मात्र घे: जमाखर्च आणि कॉस्टिंग पक्कं हवं. नफा-तोटा पत्रक वाचता न येणारा विश्लेषक मालकासमोर पाच मिनिटं टिकत नाही.

आणि ते शिकायला तुझ्याकडे दुकान आहे. बेळगावच्या रविवार पेठेतून आलेल्या मालाच्या बिलावर सीजीएसटी आणि एसजीएसटी लागतं, कोल्हापूर किंवा गडहिंग्लजहून आलेल्यावर आयजीएसटी. तुमचं दुकान कंपोझिशन योजनेत नसेल (त्या योजनेत क्रेडिट मिळत नाही) तर खरेदीवर भरलेल्या कराचं क्रेडिट वळतं करताना आधी आयजीएसटीचं संपवावं लागतं, मग बाकीचं. सीमेवरच्या प्रत्येक दुकानदाराला हे करावं लागतं आणि बहुतेक जण ते कन्सल्टंटवर सोडतात. महिन्याची बिलं घेऊन हे वळतं करणारा छोटा प्रोग्राम लिहून बघ. धंद्याचा नियम संगणकाला समजावणं म्हणजे काय ते त्यात कळेल.

दुसरा अभ्यास दिवाळीचा. समज, आकाशकंदील १२० ला घेता, १८० ला विकता. कमी पडला तर प्रत्येक कंदिलामागे ६० रुपयांचा नफा गेला. उरला तर पुढच्या वर्षी रंग उडालेला ८० ला विकावा लागतो, म्हणजे ४० चा तोटा. गणित सांगतं, कमी पडल्याचं नुकसान भागिले दोन्ही नुकसानांची बेरीज, ६० भागिले १००, म्हणजे ०.६. पाच दिवाळ्यांपैकी तीन दिवाळ्यांना पुरेल इतकाच माल भरावा, दोनदा संपू द्यावा. हे वडिलांना सांगून बघ. ते म्हणतील, गिऱ्हाईक रिकाम्या हातानं परत जाता कामा नये. तू सूत्र दाखवशील, ते मान हलवतील. बरोबर तेच असतील, कारण कंदील नाही मिळाला की ते गिऱ्हाईक दिवाळीचं सगळं सामान पलीकडच्या दुकानातून भरतं. तेव्हा कमी पडल्याचं नुकसान ६० नाही, समज १६० धर. मग उत्तर ०.८ येतं, पाचपैकी चार दिवाळ्या. सूत्र तेच, फक्त त्यात घालायचा आकडा वडिलांकडून आला. १६० हा आकडा नेमका किती हे ठरवायला मात्र तुला दोन-तीन दिवाळ्यांच्या वह्या चाळाव्या लागतील, कोण कंदील घेताना आणखी काय काय घेऊन गेलं ते बघावं लागेल.

अशा घरगुती गरजेतून मोठं काम उभं राहिल्याचं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. यंत्रांचे सुटे भाग पुरवणाऱ्या श्यामसुंदर गोयंका यांना हिशेबाचं मनासारखं सॉफ्टवेअर मिळेना, म्हणून त्यांनी गणिताची पदवी घेतलेल्या आपल्या मुलाला, भरत गोयंका यांना, ते लिहायला सांगितलं. १९८६ मध्ये बेंगळुरूत त्यातून जी कंपनी सुरू झाली तीच पुढे टॅली. खडेबाजारच्या गल्लीत कुठल्याही दुकानात जा, गल्ल्यामागच्या पडद्यावर बहुधा तेच दिसेल. प्रत्येकाचं असं होत नाही, हे तुला सांगायला नको.

या वर्षी काय करायचं ते थोडक्यात. बोर्ड आणि केसीईटी आधी, त्यात हयगय नको. आयएसआय आणि सीएमआयचे अर्ज भर, नाही लागलं तरी तो अभ्यास वाया जात नाही. परीक्षा संपल्या की पाइपचं गणित पायथनमधल्या पल्प नावाच्या पॅकेजनं मांड, लांबी दोनऐवजी सहा घे, पात्याची जाडीही घाल. त्याआधी एकदा एक्सेलच्या सॉल्व्हरमध्ये करून बघ म्हणजे आत काय चाललंय ते दिसेल. आणि उधारीच्या वहीतली नावं झाकून तो डेटा एसक्यूएलमध्ये चढव. कोण किती दिवसांनी फेडतं, भाताच्या सुगीनंतर वसुली कशी बदलते, एवढं जरी नीट काढलंस तरी पुढे मुलाखतीत दाखवायला ते कुठल्याही सर्टिफिकेटपेक्षा वजनदार ठरेल.

याहून नेमकं सांगायचं तर मला दोन गोष्टी कळायला हव्यात. चार वर्षांनी पगार हवाच आहे का, याबद्दल घरी मोकळेपणानं बोलणं झालंय का? आणि आयएसआयचे ते जुने प्रश्न घेऊन बसलीस तर किती वेळ बसवलं? सुटले किती ते नको सांगूस, बसवलं किती वेळ ते लिही. त्यावरून चेन्नई, बेळगाव की व्हीटीयू हे बरंच स्पष्ट होईल.